नावानिशी यादी आणि मंगळवारची बैठक: उपनगरी काउंटीतली बेघरी संपवायची योजना कशी आखावी

मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला न्यू जर्सीच्या उपनगरात बेघर माणूस दिसतच नाही. आपल्या डोळ्यांना सवय असते ती फुटपाथवरच्या तीन दगडांच्या चुलीची, पुलाखालच्या निळ्या ताडपत्रीची. इथे हिरवळ कापलेली, गॅरेजची दारं लावलेली, रात्री दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला इथे येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, लोक गाडीत झोपतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "कुठे?" उत्तर मिळालं, "तुम्ही शनिवारी किराणा घ्यायला जाता ना, त्याच पार्किंगमध्ये. फक्त तुम्ही सकाळी अकराला जाता, ते सहाला निघून जातात."

शहरातला प्रश्न डोळ्यांसमोर असतो, उपनगरातला शोधावा लागतो. त्यामुळे शहराची योजना उचलून उपनगरात बसवता येत नाही. हा लेख आहे तो मॅनहॅटनसमोर, हडसन नदीपलीकडे असलेल्या बर्गन काउंटीच्या आधाराने. २००९ मध्ये तिथे हॅकेन्सॅक गावात काउंटीचं ९० खाटांचं केंद्र सुरू झालं. २०१६ मध्ये माजी सैनिकांची बेघरी आणि २०१७ मध्ये दीर्घकालीन बेघरी संपवल्याची मान्यता काउंटीला मिळाली. दोन्ही गाठणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या काही काउंट्यांत तिचं नाव घेतात. इलिनॉयमधल्या रॉकफर्डनेही त्याच सुमारास हे केलं, आणि वॉशिंग्टनच्या उपनगरातल्या मेरिलंडच्या माँटगोमेरी काउंटीने माजी सैनिकांपुरतं २०१५ च्या अखेरीस. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही. पण खाटा वाढवून ते झालं, असा कुणाचा समज असेल तर तो आधी काढून टाकावा लागेल.

आधी कुणाचं दार ठोठवायचं

बर्गन काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ९,५५,७३२. एवढ्या लोकांत ७० स्वतंत्र नगरपालिका. प्रत्येकीचा महापौर वेगळा, झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे, नियम वेगळे. जमीन गावाच्या ताब्यात, समाजकल्याण काउंटीकडे, आणि पैसा बराचसा वॉशिंग्टन आणि राज्याच्या राजधानीहून, ट्रेंटनहून, येणारा. गाडीत झोपणारा माणूस एका रात्रीत तीन गावं ओलांडतो. त्यामुळे "हा आमचा नाही" असं प्रत्येक गावाला प्रामाणिकपणे म्हणता येतं. योजना काउंटीच्या पातळीवर का हवी, याचं कारण एवढंच.

गावच्या महापौराकडे निवेदन घेऊन जाण्याआधी आपल्या काउंटीचं 'कंटिन्युअम ऑफ केअर' कोण चालवतं ते शोधा. हे ऑफिस नव्हे. संस्था, सरकारी खाती, रुग्णालयं, चर्च असे सगळे मिळून बनलेलं ते मंडळ असतं, आणि बेघरीसाठीचा संघराज्याचा पैसा त्याच्यामार्फत येतो. मुळात १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा, त्यात २००९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, आणि आता देशभरात अशी सुमारे ३८० मंडळं आहेत. गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे 'हड'चे, नियम इथे आपल्या कामी येतात. सर्व सभासदांची सभा वर्षातून निदान दोनदा व्हायला हवी, तिची कार्यक्रमपत्रिका जाहीर व्हायला हवी, नवीन सभासदांना वर्षातून एकदा तरी खुलं आमंत्रण द्यायला हवं, आणि कार्यकारिणीवर स्वतः बेघर असलेली किंवा पूर्वी बेघर राहिलेली निदान एक व्यक्ती हवी. म्हणजे आत जायला ओळख लागत नाही. ईमेल पाठवून पुढच्या सभेची तारीख विचारायची आणि जाऊन बसायचं. पहिल्या दोन सभांना तोंड उघडू नका. इंग्रजी आद्याक्षरांचा असा पाऊस पडतो की सरकारी बँकेत आयुष्य घालवलेला माणूसही चक्रावेल.

बेघर म्हणायचं कुणाला

हा प्रश्न कागदी वाटतो, पण सगळी भांडणं इथून सुरू होतात. हडच्या व्याख्येत मुख्यतः रस्त्यावर, गाडीत, पडक्या इमारतीत किंवा शेल्टरमध्ये झोपणारे येतात. शाळांना लागू असलेली व्याख्या जास्त मोकळी आहे. घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारं किंवा दुसरी सोय नाही म्हणून मोटेलमध्ये राहणारं कुटुंबही त्यात बसतं. म्हणून गावच्या शाळेचा बेघर मुलांचा आकडा आणि काउंटीचा आकडा कधीच जुळत नाहीत. यात लबाडी कुणाचीच नसते.

व्यवहारात दोन्ही आकडे जवळ ठेवा. प्रत्येक शालेय विभागात बेघर विद्यार्थ्यांसाठी एक समन्वयक नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या बाईंना किंवा सरांना बैठकीला बोलवा. उपनगरात कुटुंबांची बेघरी सगळ्यात आधी शाळेच्या बसला कळते, कारण मुलाचा स्टॉप बदलत राहतो.

तिसरी व्याख्या 'दीर्घकालीन बेघर' माणसाची. अपंगत्व किंवा दीर्घ आजार, आणि सलग बारा महिने बेघर. किंवा तीन वर्षांत निदान चार वेळा, ज्याची बेरीज बारा महिने होते. ही पाठ करून ठेवा. पुढे कुणाला कोणतं घर मिळेल ते यावर ठरतं.

जानेवारीतली गणना

दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत एका रात्रीची गणना होते. २०२४ च्या त्या एका रात्री देशभरात ७,७१,४८० माणसं बेघर आढळली, आधीच्या वर्षाहून १८ टक्के जास्त. स्वयंसेवक म्हणून जायला हे उत्तम निमित्त. तीन-चार जणांची टोळी, नकाशा, फॉर्म, आणि पिशवीत मोजे, हातमोजे, ग्रॅनोला बार.

गाडीत माणूस झोपलाय हे ओळखायचं कसं, ते मला एका जुन्या आउटरीच कार्यकर्तीने, म्हणजे बेघरांना जिथे असतील तिथे जाऊन भेटणाऱ्या बाईंनी, चोवीस तास चालणाऱ्या लाँड्रोमॅटसमोर दाखवलं. थंडीत रिकाम्या गाडीच्या काचेवर बाहेरून दव गोठतं. आत माणूस असेल तर काच आतून धुरकट होते, श्वासाने. मागच्या खिडकीत टॉवेल अडकवलेला असतो, आणि गाडीचं तोंड बहुधा बाहेरच्या बाजूला, पटकन निघता यावं म्हणून. तिने काचेवर टकटक केली नाही. दहा पावलांवर उभी राहिली, टॉर्च स्वतःच्या पायावर मारला, स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, "कॉफी आहे, हवी का?" काच चार बोटं खाली आली. आत पन्नाशीच्या बाई होत्या, अंगावर औषधांच्या दुकानाचा युनिफॉर्म. सकाळी सातला ड्युटी.

फॉर्मवरचा पहिला प्रश्न "तुम्ही बेघर आहात का?" असा कधीच नसतो. "मंगळवारी रात्री तुम्ही कुठे झोपलात?" असा असतो. हा फरक लक्षात ठेवा. पहिल्या प्रश्नाला लोक "नाही" म्हणतात, दुसऱ्याला खरं सांगतात.

पण ही गणना म्हणजे एका रात्रीचा फोटो. त्या रात्री ज्याला मेहुण्याच्या सोफ्यावर जागा मिळाली, तो फोटोत नाही. या आकड्यावर योजना बांधायची नसते, अर्ज भरायचे असतात. योजना बांधायची ती पुढच्या पायरीवर.

नावानिशी यादी

मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचा कणा हाच. काउंटीत आज बेघर असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव असलेली, दर आठवड्याला दुरुस्त होणारी एकच यादी. बर्गन, रॉकफर्ड आणि इतर बऱ्याच ठिकाणी 'कम्युनिटी सोल्युशन्स' या संस्थेच्या 'बिल्ट फॉर झिरो' मोहिमेतून ही पद्धत रुजली. आपल्याकडे पोलिओच्या मोहिमेत घराच्या भिंतीवर खडूने खूण करून कोणतं बाळ राहिलं ते शोधत, तीच बुद्धी इथे वापरायची. टक्केवारी बाजूला ठेवायची आणि राहिलेला माणूस शोधायचा.

यादीत काय असावं? नाव, जन्मसाल, किती दिवसांपासून बेघर, सध्या कुठे झोपतो, माजी सैनिक आहे का, अपंगत्व किंवा आजाराचा कागद आहे का, ओळखपत्रं कोणती आहेत, शेवटचं कुणाला कधी दिसला, आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा रकाना: पुढचं काम काय आणि कुणाचं. एवढं पुरे. मी असेही फॉर्म पाहिलेत ज्यात माणसाला लहानपणीच्या मारहाणीपासून सगळं सांगावं लागतं, आणि त्यातलं निम्मं पुढे कुणी वाचत नाही.

यादीत नाव घालण्याआधी माहिती संस्थांमध्ये वाटून घ्यायची लेखी संमती घ्या. कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या बाईच्या बाबतीत तर नियम कडक आहे. अशा पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी त्यांची नावानिशी माहिती काउंटीच्या सामायिक संगणक प्रणालीत घालायची नसते, त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही असते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या समाजातल्या बायका बेघर होतात त्या बहुधा याच वाटेने: नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, बँकेत नाव नाही, लीजवर सही नाही, इथे माहेर नाही. न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हे काम करते आहे. योजनेच्या बैठकीत अशा संस्थेची खुर्ची नसेल, तर तुमच्या यादीत या बायका कधीच येणार नाहीत, आणि "आमच्या लोकांत हा प्रश्नच नाही" असं महाराष्ट्र मंडळाच्या पंगतीत सुखाने म्हणता येईल.

यादी झाली की महिन्याच्या शेवटी चार आकडे काढायचे: नव्याने आलेले, घर मिळूनही परत आलेले, घर मिळालेले, आणि संपर्क तुटलेले. समजा, महिन्याच्या सुरुवातीला ४६ नावं होती. ६ नवीन आली, २ परत आली, ७ जणांना घर मिळालं. सात घरं मिळाली म्हणून पेढे वाटावेत असं वाटेल, पण यादी आता ४७ ची आहे. हे गणित तिसरीतल्या पोरालाही येतं, तरी कित्येक काउंट्यांत ते वर्षानुवर्षं कुणी मांडलेलंच नसतं. संपर्क तुटलेल्यांबाबत आधीच लेखी नियम ठरवा. किती दिवस, किती वेळा शोध घेतल्यावर नाव बाजूला ठेवायचं? नाहीतर आकडा छान दिसावा म्हणून नावं गाळायचा मोह होतो, आणि तो मोह सज्जनांनाही होतो.

मंगळवारची बैठक

वार कोणताही चालेल, पण तो बदलायचा नाही. दर आठवड्याला, एक तास, तीच माणसं: काउंटीचा गृहनिर्माण विभाग, शेल्टर, आउटरीच, समाजकल्याण कार्यालय, माजी सैनिकांचं खातं, रुग्णालयातली सोशल वर्कर, तुरुंगातून सुटणाऱ्यांची सोय पाहणारं कुणीतरी. हॅकेन्सॅकच्या केंद्राची खरी करामत खाटांची नव्हती. सरकारी भाडेसाहाय्याचं व्हाउचर देणारे, जेवण देणारे, आरोग्य पाहणारे आणि केस मॅनेजर यांना तिथे एका छताखाली बसवलं. नाहीतर बस तासाला एक, आणि माणसाला चार गावांतल्या चार खिडक्यांवर जायचं, म्हणजे चार दिवस गेले.

बैठकीत काय चालतं, त्याचा एक नमुना देतो. नाव पुकारलं जातं. घर तयार आहे, व्हाउचर तयार आहे, तीन आठवडे माणूस तिथेच आहे. का? जन्मदाखला नाही. जन्मदाखला मागवायला फोटो ओळखपत्र लागतं. न्यू जर्सीत ओळखपत्र काढायला मोटार वाहन विभागात सहा गुणांची कागदपत्रं लागतात, आणि त्यांत मुख्य कागद म्हणजे जन्मदाखला. शिवाय पत्त्याचा पुरावा. रेशनकार्डासाठी लाइटबिल आणि लाइटबिलासाठी रेशनकार्ड हा खेळ ज्याने खेळलाय, त्याला वेगळं समजावून सांगायला नको. बैठकीत ठरतं: समाजकल्याणची अमुक व्यक्ती संस्थेच्या लेटरहेडवर पत्त्याचं पत्र देईल, आउटरीचवाला गुरुवारी सोबत जाईल, फी शेल्टर भरेल. पुढच्या मंगळवारी पहिला प्रश्न हाच, "गुरुवारी गेलात का?"

दुसरा नेहमीचा अडसर म्हणजे बारा महिने बेघर असल्याचा पुरावा. रस्त्यावर राहणाऱ्याला पावती कोण देणार? म्हणून आउटरीच करणाऱ्यांनी प्रत्येक भेटीची तारीख, जागा आणि सही अशी दोन ओळींची नोंद ठेवायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. वर्षभराने तीच नोंद त्या माणसाची घराची चावी ठरते. लायब्ररीतल्या बाईंचं पत्रही चालतं. त्यांना बरंच माहीत असतं.

बैठकीत तीन गोष्टींना बंदी असावी: भाषण, "त्याला खरं तर घर नकोच आहे" हे वाक्य, आणि ज्याला निर्णयाचा अधिकार नाही अशा माणसाला पाठवणं.

आधी घर, मग बाकीचं

जुनी पद्धत शिडीची होती. आधी दारू सोड, मग शेल्टर, मग सामायिक घर, मग सहा महिने नीट वागलास तर स्वतःची खोली. बहुतेक जण दुसऱ्या पायरीवरून घसरत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांनी ती शिडीच काढून टाकली. आधी स्वतःच्या नावावर लीज, मग उपचार, तेही माणसाच्या मर्जीने. पुढे कॅनडात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर मोठा प्रयोग झाला. दोन वर्षांत या पद्धतीने घर मिळालेल्यांनी ७३ टक्के काळ स्थिर घरात काढला, नेहमीच्या पद्धतीत तो ३२ टक्के होता. तोच प्रयोग हेही सांगतो की मानसिक आजार आणि व्यसन यांत दोन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा झाली. घराने बेघरी जाते, व्यसन आपोआप जात नाही. गावसभेत हे आधीच सांगून टाका. जास्तीचं वचन दिलंत तर पहिल्याच भाडेकरूच्या पहिल्या दारूच्या रात्री सगळी योजना तोंडघशी पडेल.

वारा फिरलाय हेही ध्यानात ठेवायला हवं. जुलै २०२५ मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संघराज्य सरकार या पद्धतीला दिलेला पाठिंबा काढून घेऊ लागलं आहे. म्हणून अख्खी योजना वॉशिंग्टनच्या एकाच अनुदानावर टांगू नका.

घरमालक शोधणं

उपनगरात पन्नास माणसांसाठी नवी इमारत बांधायला कित्येक वर्षं लागतात. पन्नास घरमालक शोधायला दोन वर्षं पुरतात. त्यामुळे कामाची सुरुवात तिथून.

व्हाउचरचं गणित साधं आहे. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देतं, पण त्या भागासाठी ठरलेल्या भाड्याच्या मर्यादेत. त्याआधी घराची तपासणी होते. न्यू जर्सीत "व्हाउचरवाला नको" असं म्हणायला भेदभावविरोधी कायद्याने बंदी आहे. पण कायदा दाखवून मिळवलेला घरमालक एकदाच मिळतो. गोडीने मिळवलेला दुसरं घरही देतो.

घरमालकाची भीती तीन गोष्टींची असते: नुकसान, उशीर, आणि रात्री दोनला फोन कुणाला करायचा. प्रत्येकीला उत्तर हातात घेऊन जा. नुकसानीसाठी डिपॉझिटच्या वर थोडा राखीव निधी. तपासणीची तारीख लागेपर्यंत घर रिकामं राहतं, तेवढ्या दिवसांचं भाडं. आणि एकच फोन नंबर, जो माणूस उचलतो, मशीन नाही. त्या नंबरवर फोन येऊनही दोन दिवसांत कुणी फिरकलं नाही, तर तो घरमालक गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीचे चार.

आपल्या मंडळींतल्या बऱ्याच जणांनी भाड्यासाठी दुसरं घर घेऊन ठेवलेलं असतं. गणपतीत आरतीनंतर त्यांच्याशी बोलायला हरकत नाही. पण "पुण्य लागेल" म्हणून बोलू नका, हिशेबाने बोला: सरकारी हिस्सा दर महिन्याला थेट खात्यात येतो, भाडेकरूच्या मागे केस मॅनेजर असतो, आणि तक्रार झालीच तर बोलायला माणूस असतो. यातलं शेवटचं तर बाजारभावाने भाडं भरणाऱ्या आयटीवाल्याच्या बाबतीतही मिळत नाही.

प्लॅनिंग बोर्डाची रात्र

आज ना उद्या कुठेतरी बांधावं लागतंच, त्यासाठी गावच्या प्लॅनिंग बोर्डाची परवानगी लागते, आणि तेव्हा गाव उठतं. "आम्ही विरोधात नाही, पण जागा ही नव्हे," हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की झोपेत म्हणाल. हॅकेन्सॅकचं केंद्र साउथ रिव्हर स्ट्रीटवर आहे. काउंटीचा तुरुंगही त्याच रस्त्यावर. उपनगरात अशा गोष्टींना जागा कुठे मिळते, ते यावरून समजून घ्यावं.

न्यू जर्सीत आपल्या हातात एक हत्यार आहे. १९७५ आणि १९८३ चे माउंट लॉरेल निकाल. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायलाच हवा, झोनिंगची भिंत घालून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. २०२४ मध्ये नवा कायदा आला आणि २०२५ ते २०३५ या दशकाचे आकडे गावांना लागू झाले. पण 'परवडणारी' या शब्दाला भुलू नका. ती घरं बहुतेकदा शिक्षक, नर्स, तरुण जोडपी यांच्या उत्पन्नाला परवडतात. बेघर माणसाला उपयोगी पडणारा वाटा वेगळा आहे. राज्याच्या कायद्यानुसार यातली निदान १३ टक्के घरं अतिशय कमी, म्हणजे परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी हवीत. गावची गृहयोजना मागवून घ्या, ही १३ टक्के कुठे आहेत ते पेन्सिलीने शोधा, आणि बोर्डासमोर तेवढाच एक प्रश्न विचारा. भूतदयेचं आवाहन ऐकून मंडळी मान डोलावतात. कलमाचा आकडा विचारला की वकील वही काढतो.

सोबत पूर्वी बेघर असलेल्या, आता भाड्याने राहणाऱ्या एखाद्याला न्या, पण त्याची इच्छा असेल तरच. त्याची व्यथा ऐकवायला लावू नका. तो बर्फ काढायच्या फावड्याविषयी शेजाऱ्याशी झालेल्या वादाबद्दल बोलला, तर गाव जास्त निवळतं.

पैसा, थोडक्यात

संघराज्याची अनुदानं कंटिन्युअमच्या अर्जातून येतात. माजी सैनिकांसाठीची खास व्हाउचरं वेगळी. म्हणूनच बहुतेक काउंट्या सुरुवात माजी सैनिकांपासून करतात: यादी छोटी, साधनं भरपूर, आणि गावात विरोधाला तोंड नाही. राज्याची स्वतःची भाडेसाहाय्य योजना आहे. २००९ च्या कायद्याने न्यू जर्सीतल्या काउंट्यांना मालमत्तेच्या दस्तनोंदणीवर ३ डॉलर अधिभार लावून बेघरी निवारण निधी उभारायची मुभा दिली. तुमच्या काउंटीने तो लावलाय का, आणि जमा झालेला कशावर खर्च होतो, हे विचारा. छोट्या देणग्यांचा पैसा मात्र सरकारी पैसा जिथे पोचत नाही तिथे ठेवा: ओळखपत्राची फी, गाडीची बॅटरी, पहिल्या महिन्याचा बसपास.

शून्य म्हणजे काय

'फंक्शनल झिरो' म्हणजे पुन्हा कुणीच बेघर होणार नाही, असा अर्थ नाही. दीर्घकालीन बेघरीच्या बाबतीत संघराज्याचा निकष असा: कोणत्याही वेळी यादीत तीनपेक्षा जास्त माणसं नसावीत (किंवा एकूण गणनेच्या ०.१ टक्का, जे जास्त असेल ते). म्हणजे माणूस घसरला तरी त्याला लगेच उचलून घ्यायची यंत्रणा जागी हवी.

ते टिकवायचं तर यादीत येणारी वाट अरुंद करावी लागते. शेल्टरच्या दारात आलेल्याला खाट देण्याआधी वीस मिनिटं बोला. आज रात्री कुणाकडे राहता येईल, तिथून का निघावं लागलं, काय केलं तर परत जाता येईल? कधी बहिणीच्या घरमालकाला एक फोन पुरतो, कधी थकलेलं लाइटबिल. रुग्णालय आणि तुरुंग यांच्याशी लेखी ठरवून घ्या की "पत्ता: शेल्टर" असं लिहून कुणालाही सोडायचं नाही. निदान तीन दिवस आधी मंगळवारच्या बैठकीला कळवायचं.

चावी मिळाली त्या दिवशी

महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनी काय द्यावं, असं मला नेहमी विचारतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला शेल्टरमध्ये जेवण ओसंडून वाहतं. फेब्रुवारीत मोजे नसतात. म्हणून अन्न नको, घराचा संच करा. गादी, उशी, दोन चादरी, दोन टॉवेल, एक तवा, एक पातेलं, सुरी, डबा उघडायचं ओपनर, बल्ब, घड्याळ, टॉयलेटचा प्लंजर. पंधरा कुटुंबांनी एकेक वस्तू आणली तरी संच होतो. ठेवायला कुणाच्या गॅरेजचा एक कोपरा पुरे.

आणि शॉवरचा पडदा, अडकवायच्या कड्यांसकट. तो आमच्या पहिल्या संचात नव्हता. नव्या भाडेकरूने तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या न्हाणीघरात मनसोक्त आंघोळ केली, पाणी जमिनीवर आलं, तिथून खालच्या मजल्याच्या छतातून टपकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या एकुलत्या एक नंबरवर घरमालकाचा फोन आला. फोन उचलला गेला. दुपारपर्यंत प्लंबर आणि पडदा दोन्ही पोचले, रंगाचे पैसे राखीव निधीतून दिले. त्याच घरमालकाने पुढच्या वर्षी आपली दुसरी सदनिकाही दिली.